मुंबई–नागपूर विमानाचं अंतर ६८५ किमी, मग तिकिटावर १ तास ३५ मिनिटं कशाची?

नंदू_डोंबिवली

मंडळी, घरात चार दिवस एकाच विषयावर वाद चालू आहे, म्हणून इथे टाकतो.

फेब्रुवारीत नागपूरला मामेबहिणीचं लग्न आहे. आजवर आम्ही विदर्भ एक्सप्रेस नाहीतर दुरांतोनेच गेलो. यंदा आईच्या गुडघ्यांमुळे विमानाचं काढलं. आई-बाबा दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. तिकीट छापून हातात दिलं (हो, बाबांना कागद लागतो), तर ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "यात लबाडी आहे."

बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते. आता त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण ते त्यांच्यासमोर बोलायचं नाही. त्यांनी माझ्या मुलीच्या शाळेच्या नकाशावर शिवणाचा दोरा ठेवून अंतर काढलं, ६९० किमी आलं. नेटवर एका ठिकाणी ६८३, दुसरीकडे ६८७. म्हणजे दोरा फार चुकला नाही. विमान ताशी ८०० ते ८५० धरलं तर पन्नास मिनिटं होतात. तिकिटावर सुटणार ११.२०, पोचणार १२.५५.

बाबांचा प्रश्न जसाच्या तसा: "उरलेली पंचेचाळीस मिनिटं कुठे जातात?"

माझा प्रश्न वेगळा आहे. डोंबिवलीतल्या घरापासून नागपुरात प्रतापनगरच्या घरापर्यंत धरलं तर रात्रीच्या गाडीपेक्षा खरंच किती वाचतं? ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा.

पार्लेकर

उरलेली पंचेचाळीस मिनिटं विमान आमच्या डोक्यावर असतं. कधीही या, गच्चीवरून दाखवतो.

कांदाभजी

जागा पकडून बसलो आहे. धागा शंभरी गाठणार.

संत्रानगरी

तुमचे बाबा बरोबर म्हणून राहिले न भाऊ. मी महिन्यातून दोनदा करतो हा प्रवास. विमान हवेत एक तास, पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे. बाकी सगळं जमिनीवर. नागपूरला उतरलं की दहा मिनिटात बाहेर, सोनेगावहून प्रतापनगर म्हणजे हे आलंच. पण मुंबईत विमानाचं दार बंद झाल्यावर विमान रांगेत उभं राहते तं राहतेच. आमच्याकडे लग्नात पंगतीला बी एवढी रांग नसते.

झंपी

६८३ की ६८७ की ६९०? दोन विमानतळ काय रात्रीतून सरकतात का?

टॉवरखालचा

झंपी, सरकत नाहीत, पण मोजायचं कुठून ते ज्याचं त्याचं. काही संकेतस्थळं शहराच्या मध्यापासून मोजतात, काही विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून. हा बिंदू साधारण धावपट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी असतो, टर्मिनलच्या दारात नाही. शिवाय कोणी पृथ्वी चेंडूसारखी गोल धरतो, कोणी ध्रुवांपाशी चपटी. चार-पाच किलोमीटरचा फरक त्यातच पडतो. तुम्ही ६८५ धरून चाला.

आता नंदूच्या बाबांसाठी. मी विमानतळावर जमिनीवरच्या कामात तीस वर्षं होतो, टॉवरमध्ये नव्हे, त्याच्या खाली, म्हणून हे नाव.

तिकिटावर असते ती वेळ उडण्याची नसते. विमान आपल्या उभं राहायच्या जागेवरून मागे ढकललं जातं तिथून सुरुवात, आणि दुसऱ्या गावी जागेवर येऊन थांबतं तिथे शेवट. याला ब्लॉक टाइम म्हणतात. पूर्वी चाकांना लाकडी ठोकळे लावत, ते काढले की वेळ सुरू, लावले की बंद.

मुंबईत मागे ढकललं, इंजिनं सुरू झाली, मग धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जायचं. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालवतात. गर्दीच्या वेळी ताशी चाळीसच्या वर विमानं त्या एकीवरून चढतात-उतरतात. वीस मिनिटं इथेच धरा.

मग गंमत. बहुतेक दिवस मुंबईत वारा समुद्राकडून असतो, म्हणून उड्डाण पश्चिमेकडे तोंड करून. नागपूर पूर्वेला. म्हणजे विमान आधी जुहूवरून अरबी समुद्रावर जातं, तिथे वळतं आणि मग नागपूरची वाट धरतं. दोऱ्यात हे वळण येत नाही.

वेगाचं म्हणाल तर दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, १.८५२ किमी. वरची उंची गाठायला वीसेक मिनिटं. आणि ३५ हजार फुटांवरून खाली यायला सुरुवात करायची ती गाव दोनशे किलोमीटर लांब असतानाच. हिशोब असा: हजार फूट उतरायला तीन सागरी मैल. चढताना दोनशे-सव्वादोनशे किमी गेले, उतरताना दोनशे गेले. तुमच्या ६८५ पैकी पूर्ण वेगाचे अडीचशे-पावणेतीनशेच उरतात. ताशी ८५० चा आकडा तेवढ्याच तुकड्याला लागू.

पार्लेकर

टॉवरखालचा, दंडवत. मला वाटायचं समुद्र दाखवायला नेतात.

उंटावरची_शहाणी

नंदू, बाबांना एवढंच सांगा की ठाणे ते डोंबिवली लोकलचा जास्तीत जास्त वेग धरून भागाकार केला तर जे उत्तर येईल, तितक्या वेळात कोणती स्लो लोकल पोचते? कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, प्रत्येक स्टेशनाला वेग घ्यायचा आणि सोडायचा. विमानाला थांबा एकच, पण वेग घ्यायला आणि सोडायलाच अर्धा रस्ता जातो.

नंदू_डोंबिवली

वाचून दाखवलं. टॉवरखालचा यांचं पूर्ण ऐकून घेतलं, दोनदा. मग म्हणाले, "हे सगळं धरून किती होतात?" मी बेरीज केली: जमिनीवर वीस, हवेत पासष्ट ते सत्तर, नागपुरात पाच. दीड तास. "मग ९५ कशी? पाच मिनिटं कोणाची?"

माणूस ऐकत नाही.

टॉवरखालचा

अहो, त्यांनाच विचारा ना! गाडीच्या वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला जास्तीची मिनिटं का असतात? गार्डसाहेबांना माहीत नसेल असं होणारच नाही.

नंदू_डोंबिवली

विचारलं. एकदम गप्प झाले. मग हसले. म्हणाले, "रिकव्हरी टाइम." मग अर्धा तास थांबलेच नाहीत. वाटेत काम चालू असेल, सावकाश जायचा आदेश असेल, मागची मेल पुढे काढायची असेल, त्यासाठी वेळापत्रकातच मिनिटं राखून ठेवतात, आणि ती बहुतेक शेवटच्या जंक्शनच्या अलीकडे पेरलेली असतात. म्हणून गाडी कल्याणला पंधरा मिनिटं उशिरा आणि सीएसएमटीला वेळेवर. ते म्हणाले, "विमानवाले आमच्याकडूनच शिकलेले दिसतात."

लबाडी हा शब्द मात्र मागे घेतलेला नाही. रेल्वेची ती तरतूद, विमानाची ती लबाडी.

संत्रानगरी

हसून हसून पुरेवाट!! बाबांना माझा नमस्कार सांगा.

ग्राहकराजा

बाबांच्या बाजूने मी. मुंबई–दिल्ली घ्या. विमानतळ ते विमानतळ साधारण ११४० किमी. मी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कंपनीच्या कामाला जायचो तेव्हा माझ्या तिकिटावर दोन तासांच्या आतली वेळ असायची. आता सव्वादोन तास छापतात. अंतर तेच, विमानं तशीच वेगवान. वाढलं काय? गर्दी वाढली, आणि "वेळेवर पोचलो" म्हणायची हौस वाढली. नियमानुसार १५ मिनिटांच्या आत पोचलं तर ते वेळेवरच धरतात. म्हणजे आधी वेळ फुगवा, त्यावर पंधरा मिनिटं सूट घ्या.

माझ्यासोबत झालंय हे: विमान अर्धा तास उशिरा सुटलं आणि उतरल्यावर आतून घोषणा, "आपण नियोजित वेळेच्या आधी पोचलो आहोत." लोकांनी टाळ्या वाजवल्या!

पार्लेकर

टाळ्या वाजवणारे आम्हीच.

टॉवरखालचा

ग्राहकराजा, गर्दीचा मुद्दा मान्य, पण सगळी फुगवाफुगवी नाही. दिल्लीला हिवाळ्यात धुकं, मुंबईला पावसाळ्यात घिरट्या. पावसाआधी आणि नंतर मुंबईची मुख्य धावपट्टी डागडुजीला काही तास बंद ठेवतात. याची सरासरी वेळापत्रकात घ्यावीच लागते. नाहीतर रोज उशीर, आणि त्याच विमानाची दिवसभरातली पुढची चार उड्डाणं उशिरा. सकाळी मुंबईत गेलेली वीस मिनिटं रात्री गुवाहाटीच्या प्रवाशाला भरावी लागतात.

आणि ब्लॉक टाइम फुगवला तर वैमानिकांचे ड्युटीचे तासही तेवढेच धरले जातात. कंपनीला ते फुकट पडत नाही.

ग्राहकराजा

हा मुद्दा बरोबर. ड्युटीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जाता जाता, या ब्लॉक टायमाचा प्रवाशाला एक उपयोग आहे, कोणाला माहीत नसतो. उशीर झाला तर चहा-नाश्ता कधी द्यायचा ते यावर ठरतं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास, त्याहून लांबच्याला चार. नंदू, तुमचं ९५ मिनिटांचं आहे. दोन तास झाले की काउंटरवर जाऊन मागायचं, लाजायचं नाही.

कांदाभजी

आई डबा नेणार. विमानात नागपूरला जाताना डबा न नेणारी आई अजून जन्माला यायची आहे.

नंदू_डोंबिवली

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठरली आहे. फक्त चटणी कोरडी की तेलातली यावर चर्चा चालू आहे.

बेलोरा

अमरावतीकराचं एक दुखणं मांडतो, विषयाला धरूनच आहे.

१६ एप्रिल २०२५ ला आमच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं विमान सुरू झालं. मुंबईहून अमरावती सरळ रेषेत साडेपाचशे किमीच्या आत, नागपूरपेक्षा जवळजवळ दीडशेने कमी. तरी वेळापत्रकात पावणेदोन तासांच्या आसपास. जवळचं गाव लांब पडलं! कारण आमच्याकडे पंख्यांचं एटीआर येतं. ते ताशी पाचशेच्या आसपास जातं. आता सांगा, अंतर विचारून उपयोग काय? आधी विचारायचं, पंखे आहेत का.

आम्हाला तक्रार नाही बाप्पा. पूर्वी नागपूरला उतरून गाडीनं मागं यावं लागे. पंख्यांचं का होईना, आपल्या गावचं आहे.

झंपी

पंखे म्हणजे बाहेरचे ना? मला क्षणभर छतावरचे वाटले.

झंपी

अजून एक बावळट प्रश्न विचारून घेते, हसू नका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान वर गेलं की नागपूर लांब पळायला हवं ना? आणि येताना मुंबई आपोआप जवळ?

उंटावरची_शहाणी

झंपी, हा प्रश्न माझ्या आठवीच्या वर्गात दर वर्षी येतो, त्यामुळे बावळट अजिबात नाही. लोकलच्या डब्यात कोणी चेंडू वर उडवला तर तो मागच्या डब्यात पडतो का? हातातच येतो, कारण चेंडू, हात, डबा सगळे एकाच वेगाने चालले आहेत. तसंच पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि जमिनीवर उभं असलेलं विमानही. फिरण्याचा फायदा-तोटा तिथे फिटला.

फरक पडतो वाऱ्याने. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा प्रवाह असतो, जेट स्ट्रीम. नागपूर त्याच्या दक्षिणेला आहे, पण वरचे वारे तिथेही पश्चिमेचेच. म्हणजे फेब्रुवारीत नंदूला जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. एवढ्याशा अंतरात पाच-सात मिनिटांचा फरक. मुंबई–लंडनला मात्र तासाच्या घरात जातो: साधारण ७२०० किमी, जाताना जास्त, येताना कमी.

दोऱ्याबद्दल एक. बाबांनी सपाट नकाशावर मोजलं, नागपूरपुरतं चालून गेलं. न्यूयॉर्कला चालणार नाही. पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. आपल्याला वाटतं विमान अरबस्तान, आफ्रिका करत पश्चिमेला जाईल. दोरा सुटतो वायव्येच्याही वर, जवळजवळ उत्तरेला, थेट आइसलंडजवळून जातो आणि मग कॅनडाकडून खाली उतरतो. साडेबारा हजार किमी. मुलांना दोरा हातात दिला की त्यांचा विश्वास बसतो, माझ्या बोलण्यावर नाही.

लंडनची_आजी

शहाणीताई, दोरा छान आहे, पण दोऱ्याला सरहद्दी नसतात. लेक लंडनला असते म्हणून वर्षातून एक फेरी होते. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने आपल्या विमानांना वरून जायला बंदी केली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच होतं. अंतर विचाराल तर तेच, वेळ मात्र वाढली. मुंबईहून जाताना आपल्याला निदान समुद्रावरून वळता येतं, दिल्लीकरांना जास्त वळसा.

माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ पडद्यावरचा नकाशा बघून म्हणाले, "वाट चुकले वाटतं." मी म्हटलं, नाही हो, शेजाऱ्यांशी भांडण आहे.

पार्लेकर

वाट चुकण्यावरून आठवलं. अवांतर आहे, पण "दोन विमानतळांमधलं अंतर" हेच शीर्षक आहे म्हणून चालवून घ्या.

२४ सप्टेंबर १९७२ ला एक जपानी डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. त्याच्याआधी १९५३ मध्ये एक ब्रिटिश कॉमेटही असंच जुहूला येऊन बसलं होतं. जुहूची धावपट्टी तोकडी. जपानी विमान पट्टी संपल्यावरही पुढे गेलं, सुदैवाने जीव कोणाचा गेला नाही. जुहू आणि सांताक्रूझ यांत अंतर किती? चारेक किलोमीटर. आमचे वडील सायकलवर बघायला गेले होते. "पार्ल्याच्या नाट्यगृहात नाटक बदललं तर एवढी गर्दी होत नाही," असं ते म्हणायचे.

आणि जुहूला हसू नका. मुंबईचं पहिलं विमानतळ तेच, १९२८ चं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या घेऊन तिथेच उतरले. एकटे, एका इंजिनाच्या पुस मॉथमध्ये.

कांदाभजी

धाग्याचं जुहू झालं. भेळ कुठाय?

पार्लेकर

भेळ नाही, पण वेळेची गंमत देतो, मग गप्प बसतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली. मुंबईने ती मानली नाही. इथे "मुंबई टाइम" चालायचा, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि तो १९५५ पर्यंत टिकला. म्हणजे ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं "मलबार प्रिन्सेस" कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं तेव्हा शहरात दोन वेळा होत्या. पोचवायला आलेल्यांनी "कोणते किती वाजता?" असं विचारलं असणार.

नंदूच्या बाबांची पंचेचाळीस मिनिटं मला वाटतं तिथेच अडकली आहेत. ३९ हिशोबात आली, सहा शोधा.

चिपीची_वाट

अंतराचा धागा इलो आणि कोकण नाय? तुमका सांगतंय, आमचो हिशोब येगळोच. सावंतवाडीक जाऊचा तर गोव्याचो दाबोळी, मोपा आणि आमचो चिपी, तीन विमानतळ. नकाशार चिपी जिल्ह्यातलो. पण ज्या दिवशी जाऊचा त्या दिवशी विमान खंय आसा ता बघूचा लागता, अंतर मग. मोपा झाल्यापासून आमी थंयच उतरतंव. गोव्यात उतरान सिंधुदुर्गात जेवाक.

बेलोरा

चिपीवाले भाऊ, तुमचं-आमचं दुःख सारखं.

ठाणेकर_४२

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण ते उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. समृद्धी महामार्ग! ७०१ किमी, जून २०२५ पासून नागपूर ते भिवंडीजवळ आमणेपर्यंत पूर्ण. आम्ही दिवाळीत गाडीने गेलो. आठ तासात नागपूर म्हणतात ते आमणेपासून धरलं तर खरं आहे. पण आमच्या घोडबंदरहून आमण्याला पोचायला दीड तास गेला, त्याचं कोणी बोलत नाही. एकूण साडेदहा तास, थांबे धरून. दोघं गाडी चालवणारे असतील तरच करा. रस्ता सरळ आहे, डोळा लागतो.

संत्रानगरी

नंदूभाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं गणित घ्या. रुळांवरून सीएसएमटी–नागपूर ८३७ किमी, हवेत ६८५. फरक दीडशेचा, पण वेळ गाडीला अकरा ते चौदा तास. घर ते घर विमानानं मला सहा तास लागतात, कांदिवलीहून. गाडीनं पंधरा. पण गाडीचे त्यातले आठ तास मी झोपलेला असतो! ते मोजायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मी मोजत नाही. म्हणून एकटा असलो की दुरांतो, बायको सोबत असली की विमान.

झंपी

याचा अर्थ काय घ्यायचा?

संत्रानगरी

तिला गाडीत झोप येत नाही. बस, एवढाच अर्थ.

उंटावरची_शहाणी

डोंबिवलीवाल्यांना नवी मुंबईचं विमानतळ जवळ पडेल ना आता? २५ डिसेंबरपासून सुरू झालंय.

टॉवरखालचा

जवळ पडेल, शिळफाटा मोकळा असला तर. हवेतल्या अंतराचं म्हणाल तर दोन्ही विमानतळ सरळ रेषेत पंचवीसेक किमीवर आहेत. नागपूरला जाताना त्याने दोन मिनिटं वाचली तर वाचली. एक विनंती सगळ्यांना: आता तिकीट वाचताना वेळेआधी विमानतळ वाचा. पूर्वी टी१ की टी२ एवढंच होतं, चुकलं तर रिक्षाने धावता यायचं. आता चुकलं तर खाडी आडवी येते.

नंदू_डोंबिवली

आम्हाला हव्या त्या वेळेचं नवी मुंबईहून मिळालं नाही. टी२ आहे, चार वेळा वाचलं. पाचव्यांदा बाबांनी.

ग्राहकराजा

घरातून किती वाजता निघताय? ११.२० साठी आठला निघा.

पार्लेकर

बाबा रेल्वेचे आहेत. आदल्या रात्री निघतील.

*(तीन आठवड्यांनंतर)*

नंदू_डोंबिवली

मंडळी, लग्न छान झालं. धागा वर काढतोय कारण बाबांनी हुकूम केला आहे: "ज्यांनी उत्तरं दिली त्यांना आकडे कळव."

बाबांनी शर्टाच्या खिशात लाल कडांची वही ठेवली होती, नोकरीतली सवय. मनगटी घड्याळ आदल्या रात्री रेडिओशी जुळवलं. जातानाचं पान जसंच्या तसं उतरवतो:

घर ७.०५. डोंबिवली फास्ट ७.२४ (वेळ ७.२१). घाटकोपर ८.०३. मेट्रो, मरोळ नाका ८.२६. तिथे जमिनीखालची मेट्रो, टी२ स्टेशन ८.४०. सरकते जिने ४, कु. ला त्रास नाही. (कु. म्हणजे आई, कुसुम.) सुरक्षा तपासणी ९.३५ पूर्ण, चटणीची बाटली जमा. दार बंद ११.१६. मागे ढकलले ११.३१. चाके सुटली ११.५२. समुद्र. डावे वळण. पट्ट्याचा दिवा बंद १२.०९. उतरायला सुरुवात १२.३४. चाके टेकली १२.५८. उभे १३.०४. घर १३.४५.

चाकं सुटली ते टेकली ६६ मिनिटं. बाबांनी शेजारीच भागाकार केलाय: ६८५, ताशी ६२३ किमी सरासरी. खाली एक रेघ आणि "टॉ. खालचे यांचे बरोबर."

११ मिनिटं उशिरा सुटून ९ मिनिटं उशिरा पोचलं. मी म्हटलं, बाबा, १५ च्या आत म्हणजे नियमाने वेळेवर. ते म्हणाले, "आम्ही ९ मिनिटांचा खुलासा लेखी द्यायचो."

घर ते घर सहा तास चाळीस मिनिटं. परतीला तोंडावर वारा होता, हवेत ७५ मिनिटं लागली. शहाणीताई, तुमच्या नावापुढेही बरोबरची खूण आहे.

आईने पूर्ण प्रवासात घड्याळ बघितलंच नाही. खिडकीतून खाली बघत बसली होती. एकदम माझा हात धरून म्हणाली, "ते बघ, नदी. गाडीतून जाताना पूल येतो तीच असेल का?" कोणती नदी ते मला सांगता आलं नाही. बाबांनी मात्र घड्याळ बघून, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजून सांगितलं, "पूर्णा."

ग्राहकराजा

चटणीची बाटली? म्हणजे तेलातलीच नेली शेवटी!

नंदू_डोंबिवली

आईचा हट्ट. तपासणाऱ्या बाईंनी वास घेऊन विचारलं, "काकू, घरची का?" आई म्हणाली, "ठेव तुला."

टॉवरखालचा

नंदू, ती वही जपून ठेवा. आमच्याकडे हेच आकडे मशीन काढतं, पण "समुद्र. डावे वळण." असं कोणी लिहीत नाही.

उंटावरची_शहाणी

६६ मिनिटांचं गणित माझ्या आठवीला घालते आहे. परवानगी गृहीत धरली.

नंदू_डोंबिवली

परवानगी दिली आहे, पण "उत्तर ६२२.७ येते, मी वर घेतले आहे" असं सांगायला सांगितलंय.

आणि बेलोरा, तुमच्यासाठी. वहीच्या मागच्या पानावर नवीन नोंद दिसली: "अमरावती. ५४० कि.मी. पंख्याचे विमान. खिडकीची जागा पंख्यापाशी. तपासणे."

बेलोरा

या न बाप्पा! बेलोऱ्याला घ्यायला मी येतो. फक्त बाबांना विचारून घ्या, मी चाकं टेकायच्या वेळेला येऊ की उभं राहायच्या.